दोराची दुसरी बाजू

जेवणाच्या टेबलावर एका बाजूला निवडायची मेथी होती आणि दुसऱ्या बाजूला तीन यंत्रं. आराधना मेथी निवडत होती. तिला नववा महिना लागला होता, त्यामुळे ती टेबलापासून हातभर लांब बसायची आणि जुडी पोटावर ठेवायची.

"पप्पा, यातलं कोणतं तुम्हाला वाचवणार?" तिने विचारलं.

"तेच ठरवायचंय."

मी वायरमन होतो. अकोले तालुक्यात तीस वर्षं नोकरी केली आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. पंधरा वर्षांपूर्वी राजूरच्या पुढे एका कड्यावर पुण्याची काही मुलं चढत होती. मी लाइनच्या कामाला गेलो होतो, त्यांनी मलाही दोर बांधला. तेव्हापासून नाद लागला. पुढे माझी बायको रेबेकाही यायला लागली. ती शाळेत शिक्षिका होती. ती फार चढायची नाही, पण खाली उभी राहून माझा दोर धरायची. दोर माझ्या कमरेपासून वर जायचा, माथ्यावरच्या लोखंडी कडीतून वळून खाली तिच्या हातात यायचा. मी चढलो की ती दोर ओढून घ्यायची, मी मागितली की ढील द्यायची. तेरा वर्षं माझा जीव दर रविवारी दुपारी तिच्या हातात असायचा. चौदा महिन्यांपूर्वी वर्गात हजेरी घेताना ती खाली बसली आणि उठली नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता.

त्यानंतर मी कड्याकडे गेलो नव्हतो. जायचं तर एकट्याने, आणि एकट्याने चढायचं तर दोर धरणाऱ्या माणसाच्या जागी यंत्र लागतं. ते कमरेला लावायचं. चढताना ते दोरावरून आपोआप वर सरकतं आणि माणूस पडला तर दोर पकडतं. ही तीन यंत्रं मी पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाकडून बघायला आणली होती.

"पहिल्याला दात आहेत," मी सांगितलं. "चिखलाचा दोरही सोडत नाही. पण जोरात पडलो तर दोराचं वरचं कापड फाडतं. दुसरं दोर नुसता चिमटीत धरतं. दोराला काही होत नाही, पण दोर गुळगुळीत असला तर घसरतं."

"आणि हे तिसरं?"

"हे सगळ्यात छान सरकतं. पण झटका बसला तरच धरतं. हळूहळू घसरलो तर त्याला कळतच नाही."

दार उघडंच होतं. शेजारच्या बनुबाई नाचणीचे लाडू घेऊन आल्या. आराधनाला आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण सासरी करू असं तिच्या सासूबाई म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते मी करणार. तेव्हापासून बनुबाई दिवसातून चार वेळा येऊन माझ्या भाजीत मीठ आहे का ते बघून जायच्या.

"ह्या वयात मानसं देवळाच्या पायऱ्या चढत्यात भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या चर्चला पायऱ्याच न्हाईत, म्हनून हे सुचतंय."

आराधना हसली आणि मग हसायची थांबली. "जा पप्पा. घरात बसून तुम्ही वाळायला लागलात. पण तिन्ही यंत्रं आधी खालीच तपासायची. कोणतं किती सेंटीमीटरवर धरतं ते वहीत लिहायचं आणि मला दाखवायचं." ती नाशिकला प्रयोगशाळेत काम करते, तिला सगळं आकड्यात लागतं. "बाळाला माझ्याकडची आजी नाही. आजोबा तरी मला पूर्ण पाहिजेत."

मी हो म्हणालो. दुपारी एकच्या आत घरी, हेही कबूल केलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी नऊला सहादेवच्या खळ्याशी मोटारसायकल लावली. सहादेवची भातखाचरं कड्याच्या खालीच आहेत. भात कधीच झोडून झालं होतं, खळ्यावर कोंडा तेवढा उरला होता. त्याने कोरा चहा दिला. एरवी दोन कप आणायचा, त्या दिवशी एकच आणला.

कडा वीस मीटर उंच आहे. डाव्या अंगाने वाट माथ्यावर जाते. वर मीच ठोकलेले दोन बोल्ट आणि कडी आहे. मी कडीतून दोर ओवला आणि दोन्ही बाजू खाली सोडल्या. खाली येऊन एक बाजू हिरड्याच्या झाडाला बांधली. बुंध्याभोवती तीन वेढे, मग गाठ, गाठीत कडी. दोराची दुसरी बाजू कड्यावरून लोंबत होती. तिच्यावर मी चढणार होतो. तिचं सात मीटर टोक जमिनीवर गुंडाळून पडलं होतं. दोर रेबेका जिथे उभी राहायची तिथेच बांधला गेला. दुसरं झाड नाही.

दाताचं यंत्र लावलं, दोन्ही हात दगडावर ठेवले आणि तोंडातून निघून गेलं, "लाइन क्लिअर?"

याचं कारण सांगायला हवं. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला विचारावं लागतं. तो लाइन बंद करतो आणि 'क्लिअर' म्हणतो, तेव्हाच खांबावर पाय ठेवायचा. काम झालं की ज्याने लाइन घेतली त्यानेच खाली उतरून स्वतःच्या तोंडाने 'लाइन परत' म्हणायचं आणि आपलं नाव सांगायचं. तोवर ऑपरेटर जागेवरून हलत नाही. मी आणि रेबेकाने कड्यावर हेच शब्द ठेवले होते. मी विचारायचो, ती 'क्लिअर' म्हणायची. मी खाली आलो की 'लाइन परत' म्हणायचो, मग ती दोर सोडायची.

त्या दिवशी अर्थातच उत्तर आलं नाही. मला स्वतःचाच राग आला. मी चढायला लागलो.

दोन मीटरवर हात सोडले. यंत्राने सहा सेंटीमीटरवर धरलं. मी दोरावर लोंबकळत खिशातली वही काढत होतो तेवढ्यात मी वर उचलला गेलो. फार नाही, चार बोटं. रेबेका अशीच करायची. मी लोंबकळलो की ती अंग मागे टाकून उरलेला दोर ओढून घ्यायची आणि मी तेवढाच वर जायचो.

दोर ताणतो, परत आखडतो. मी तसं वहीत लिहिलं. पाच वेळा पडलो, पाचही वेळा चार बोटं वर गेलो. मग उतरायचं यंत्र लावून खाली आलो.

झाडाचा दोर सोडताना मोजलं तर चार वेढे होते. मला वाटलं, बांधताना मोजण्यात चूक झाली. खाली येऊन मी 'लाइन परत' म्हणालो नाही. कुणाला म्हणणार? दोर गुंडाळला आणि पाऊण वाजता घरी आलो.

आराधनाने आकडे पाहिले. "छान आहे. सहा सेंटीमीटर." मग म्हणाली, "हे 'दोर आखडतो' काय आहे? न ताणणारा दोर घेतला ना तुम्ही?"

खरंच, तो दोर ताणणारा नव्हता.

पुढच्या गुरुवारी तीन वेढे घालून मोबाईलवर फोटो काढला. गाठीचाही काढला. चिमटीचं यंत्र लावलं. या वेळी मी तोंड मिटून होतो, काही विचारलं नाही. दोन मीटरवर पडलो, चौदा सेंटीमीटरवर धरलं आणि मग चार बोटं वर.

मी खाली झाडाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. झाडाच्या बाजूचा दोर ताठ होता, तो असायलाच हवा होता.

यानंतर मी जे केलं ते आराधनाला सांगितलेलं नाही. मी खूश झालो. मी वर चढलो, पाच मीटर, आठ मीटर, बारा मीटर. यंत्र इतकं हलकं सरकत होतं की कमरेला आहे हे कळत नव्हतं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मला उघड्यावर बरं वाटत होतं. बारा मीटरवर एक चढण अवघड आहे, तिथे मला नेहमी थोडी ढील लागते, डावीकडे झुकायला. मी म्हणालो, "रेबेका, ढील."

दोर आणखी ताठ झाला.

मी परत म्हणालो. कमरेचा पट्टा वर ओढला गेला आणि बरगडीला लागला. रेबेका ढील द्यायची. मी मागायच्या आत द्यायची. तिचा दोर धरण्याचा हात मला माझ्या हाताइतका माहीत आहे. हा तिचा हात नव्हता.

मी उतरायचं यंत्र लावलं आणि खाली निघालो. यंत्रातून दोर सरकत होता, हाताला गरम लागत होता. पण समोरचा दगड बदलेना. त्या दगडावर शेवाळाचा एक हिरवा ठिपका होता, तो डोळ्यांसमोरून हलेना. मी जितका खाली सरकत होतो तितकाच दोर वर जात होता.

मी खाली पाहिलं. जमिनीवर पडलेलं सात मीटर टोक आता तीन मीटर होतं. पाहता पाहता त्याचा शेवटचा वळसा उलगडला. टोकाला मारलेली गाठ गवतातून सरपटत कड्याच्या पायथ्याशी आली आणि जमिनीवरून उचलली गेली.

मी थांबलो. दोरही थांबला.

वीस मिनिटं मी तसाच होतो. हाका मारल्या, सहादेवलाही मारल्या. ढील मागितली. आवाज कड्यावर आपटून परत येत होता. घड्याळात साडेबारा झाले. आराधना घरी भात लावून बसली असेल. माझ्या डावीकडे एक भेग जमिनीपर्यंत जाते. सोपी आहे, पण बारा मीटर आहे. मी यंत्रं दोरावरून काढली आणि दोराशिवाय त्या भेगेतून उतरलो. हातापायांना घाम होता. दोनदा पाय सुटला. लेकीला दिलेला शब्द मी त्या बारा मीटरमध्ये मोडला.

खाली येऊन झाडापाशी गेलो. बुंध्याभोवती अकरा वेढे होते. शेजारी शेजारी, नीट बसवलेले. गाठ मात्र फोटोत होती तशीच होती, तिच्यातली कडी बंद. गाठ सोडल्याशिवाय बुंध्याभोवती एकही वेढा वाढवता येत नाही. हे कुणीही दोरी घेऊन करून पाहावं.

मी दोराला हात लावला नाही. तो तसाच टाकून निघालो.

खळ्यावर सहादेव पेंढा रचत होता. म्हणाला, "झालं का सर? आन तुमचा मानूस?"

"कोणता माणूस?"

"खाली दोर धरून हुता त्यो. मघा मी बैल पान्यावर नेताना पाहिला. पानी देऊ का म्हनलं तर बोलला न्हाई. लई गप मानूस हाय."

"बाई होती का सहादेव?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतोय ते त्याला समजलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "न्हाई सर. बाई न्हवती. त्या असत्या तर मी वळखलं नसतं व्हय?"

"कसा होता दिसायला?"

"तोंड वर हुतं, कड्याकडं. मला पाठच दिसली." तो पेंढीची गाठ आवळत राहिला. "दुसऱ्या कुनाला आनू नका सर. आनायचा तर बोलनारा आना."

घरी पोहोचायला सव्वादोन झाले. आराधना दारात उभी होती. बनुबाईंनी मला पाहिल्याबरोबर कानशिलांवर बोटं मोडली. आराधनाने माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. भेगेत घासून नखं तुटली होती.

"दोर नव्हता ना?" ती म्हणाली.

मी हात तिच्या हातातून सोडवले.

"पप्पा, मम्मी खाली उभी असते असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"मग यंत्रं परत करा. मला आकडे नकोत, काही नको. बारा तारीख दिलीय डॉक्टरांनी. तोवर घराबाहेर जायचं नाही."

मी आठवडाभर घरात राहिलो. डिंकाचे लाडू वळले, पाळण्याच्या कड्यांना तेल घातलं, जुन्या साड्यांची दुपटी धुऊन वाळत घातली. पण रोज तो दोर डोळ्यांसमोर यायचा. एक तर तो तिथे लोंबत होता. गुराख्यांची पोरं लोंबकळली असती. आणि दुसरं म्हणजे, मी लाइन घेऊन परत केली नव्हती. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. विचारताना समोर कुणी होतं की नव्हतं, हा प्रश्न वेगळा. विचारलं मी होतं.

आठ तारखेला गुरुवार होता. आराधना बरी होती, सकाळी चांगली जेवली होती. दोर काढून आणतो, चढणार नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "बायबलवर हात ठेवा." ठेवला. ते पुण्याच्या मुलाचं तिसरं यंत्र तेवढं पिशवीत राहिलं होतं. परत येताना कुरियर करायचं होतं.

सहादेव राजूरला बाजाराला गेला होता. खळं मोकळं होतं. मी साडेदहाला कड्याखाली पोहोचलो. ऊन होतं, वारा नव्हता. दोराच्या दोन्ही बाजू ढिल्या लोंबत होत्या. मी पिशवी एका दगडावर ठेवली, कड्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणालो, "लाइन परत. कृपादान."

काही झालं नाही. काही होईल असं वाटलंही नव्हतं. पण छातीवरचं ओझं उतरलं.

झाडाची गाठ सोडली. एकेक वेढा सोडवत बुंध्याभोवती फिरायला लागलो. दहा वेढे सुटले. शेवटचा एक उरला, टोक माझ्या हातात होतं.

तेव्हा दोर ताठ झाला.

झटका नव्हता. कुणीतरी हळूच वजन टाकावं तसा तो ताठ झाला आणि माझ्या मुठीतून वीतभर सरकला. तळहात भाजला. मी अंग मागे टाकलं, पाय बुंध्याला रोवले आणि धरलं. तो एक वेढा होता म्हणून धरता आलं. मोठ्या माणसाचं वजन होतं. वायरमनच्या हाताला वजन कळतं.

मी वर पाहिलं. झाडापासून दोर तिरपा कडीपर्यंत गेला होता, सळईसारखा. कडीतून दुसऱ्या बाजूने खाली आला होता, तोही सळईसारखा. पण जमिनीपर्यंत नाही. जमिनीपासून आठ मीटरवर एक जागा होती. तिच्या वरचा दोर ताठ होता आणि तिच्या खालचा ढिला, वेडावाकडा लोंबत होता.

त्या जागी काही नव्हतं. मागचा काळा दगड दिसत होता.

एका लाइनवर दोन ठिकाणी काम चालू असेल तर एकाने लाइन परत करून चालत नाही. दुसरा कुठे आहे ते ऑपरेटरला माहीत असतं. पहिल्याला माहीत असतंच असं नाही.

"कोण आहे?" मी विचारलं.

वरून थोडी माती पडली. पाय बदलल्यावर पडते तेवढी.

मला सोडता आलं असतं. मी हा विचार केला, खोटं कशाला बोलू? पण दोरावर वजन असताना हात उघडत नाही. तेरा वर्षं मी दुसऱ्या टोकाला होतो. आणि हळूहळू खाली घेता आलं असतं. तेही केलं नाही, कारण खाली आलं असतं तर ते माझ्यासमोर उभं राहिलं असतं.

हातांच्या जागी दोर धरणारं तिसरं यंत्र पिशवीत होतं. पिशवी चार हातांवर होती. चार हात.

अकरा वाजले. साडेअकरा. उन्हाची रेघ बुंध्यावरून माझ्या पायावर आली. दोर जरा ढिला झाल्यासारखा वाटला की मी लगेच ओढून घेत होतो. बोटभर, दोन बोटं. ढील द्यायची हिंमत होत नव्हती. आपण काय करतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थांबायचा प्रयत्न केला. हात थांबले नाहीत.

बाराला छातीच्या खिशात मोबाईल वाजला.

वाजून थांबला. परत वाजला.

मला एवढे फोन कुणी करत नाही. मी 'आराधना' म्हणून ओरडलो. मी प्रार्थना केली. रेबेकालाही हाक मारली, म्हटलं, तू तरी धर हे, मला जाऊ दे. कुणी धरलं नाही.

साडेबारा. एक. मोबाईल वाजतच होता.

दीड वाजून गेल्यावर मी ढील दिली.

एक हात दोर सोडला. ती जागा तेवढीच खाली आली. आणखी सोडला. सात मीटर. पाच. दोर तळहातावरून कातडी घेऊन जात होता. तीन मीटर. ढिल्या बाजूचे वळसे गवतावर जमा होत होते. माझ्यासमोर, दहा पावलांवर, ती जागा माझ्या डोक्याच्या उंचीला आली. मग छातीच्या. मग कमरेच्या.

मी डोळे मिटले आणि उरलेला दोर सोडला.

वजन गेलं. पडल्याचा आवाज आला नाही. जमिनीवर अलगद पाय टेकल्यावर जातं तसं गेलं. मी वाट पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. डोळे न उघडता मी मागे वळलो, खळ्यापर्यंत तसाच चाचपडत गेलो आणि मोटारसायकल काढली. पिशवी राहिली. दोर राहिला.

बनुबाईंचे नऊ फोन होते.

दवाखान्यात त्या पायरीवरच बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. "कुठं मेला हुता भाऊ? पोरगी अकरापासून वरडतीया!" मग माझे हात पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "आत जा. झालंय. मुलगी हाय."

दारातल्या सिस्टरने मला थांबवून तळहातांना मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. बांधता बांधता म्हणाली, "आजोबा, आम्ही घाबरलोच होतो. बाळ वरच अडकलं होतं. कळा येत होत्या पण दोन तास खाली सरकेना, जरा आलं की परत वर. ऑपरेशनची तयारी केली होती. पावणेदोनला आपोआप खाली आलं. असं सरसर आलं की डॉक्टरांना हातमोजे नीट घालता आले नाहीत."

आत आराधना उशीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा होता, पण हसत होती. बाळ तिच्या शेजारी दुपट्यात होतं. जागं होतं, रडत नव्हतं.

"घ्या ना," ती म्हणाली. "हात दुखतायत का? सांभाळून घ्या."

मी वाकलो, पट्ट्यांच्या हातांनी दुपट्याखाली हात घातले आणि उचललं.

माझा तोल पुढे गेला. मी पाय फाकवले, पलंगाच्या लोखंडी पायाला टाच लावली आणि अंग मागे टाकून धरलं. खांदे थरथरायला लागले. पट्ट्यांतून रक्त आलं.

आराधना हसत होती. "काय पप्पा, किती घट्ट धरलंय! दोन किलो सातशे ग्रॅमची तर आहे."

मी हो म्हणालो. सिस्टर पुढे होऊन म्हणाली, "द्या इकडे." मी दिलं नाही. तिला एकटीला पेललं नसतं.